मेथीच्या वाफ्यातला शेंदूर

"सध्या इथेच ठेवू," असे पाद्रीसाहेब म्हणाले होते. माझ्या बाबांविषयी. जणू बाबा म्हणजे बाजाराला निघालेली टोपली.

बाबांना आम्ही माघात पुरले, बंगल्यामागच्या बागेत, विहिरीजवळ, मेथीच्या वाफ्याच्या कडेला. गोऱ्यांच्या दफनभूमीत काळ्या माणसाला जागा नव्हती आणि गावाच्या मसणात बाटलेल्याला. पाद्रीसाहेबांनी प्रार्थना फार चांगली केली, पण क्रूस लावू दिला नाही. देशी ख्रिस्ती लोकांसाठी वेगळी जागा मिळाली की तिकडे हलवू, तेव्हा लावू, म्हणाले. वैशाख आला तरी त्यांचे 'सध्या' संपले नव्हते.

आम्ही मूळचे नगरकडचे माळी. मिशनने बाबांना उपदेशक म्हणून अमरावतीला धाडले तेव्हा आई गाडीत सारखी म्हणत होती, "परमुलखात कशाला नेता?" मला तिचे हसू येई, कारण इथेही मराठीच बोलत होते. पहिल्याच दिवशी शेजारच्या पार्वताबाईंकडे दोर मागायला गेले. "काहून आली वं?" त्यांनी विचारले. मला वाटले, या बाई भांडायला उठल्या. त्या 'का आलीस' एवढेच साधे विचारत होत्या. माती तर आणखीच परकी. पाणी दिले की चिखल, ऊन पडले की हात जाईल एवढ्या भेगा. बाबांनी तिच्यात वाळू घातली, राख घातली, शेणखत घातले. आईने वाफे बांधले, मी दारे धरले. आई एकेका वाफ्यात पाणी भरल्याचे ओरडून सांगे आणि मी कुदळीने पाटाचे तोंड फिरवी. वर्षभरात तिथे वांगी, आंबटचुका, मेथी उभी राहिली. साहेबांच्या मेजासाठी कोबीसुद्धा.

पाहुणे आले की साहेबांना विचारत, "हा तुमचा माळी का?" साहेब हो म्हणत. सकाळी प्रार्थना चालवणारा, संध्याकाळी महारवाड्यात जाऊन वाचून दाखवणारा माणूस, आणि साहेब हो म्हणत.

"पुनरुत्थानाच्या सकाळी थडग्यातून उठलेल्या प्रभूलाही आधी माळीच समजले होते," बाबा म्हणायचे. "मला समजले तर काय बिघडले?"

त्यांचे काही बिघडले नसेल. माझे बिघडत होते.

बाजारात आमच्या भाजीला कोणी हात लावत नसे. पार्वताबाई स्वतः माळीण. त्यांचे दुकान आमच्या समोरच असे. त्या मोठ्याने म्हणत, "बाटलेल्याची वांगी! शिजवली तं घरभर साहेबाचा वास सुटन!" सगळी ओळ हसायची. बाबाही हसायचे. न विकलेली वांगी आम्ही परत आणायचो.

मग तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली आणि इकडे कापसाचा भाव चढला. लोकांनी भाजीचे मळे मोडले, गाई चरायच्या त्या जागा मोडल्या, अंगणातसुद्धा सरकी टोचली. बाजारात एक दिवस पाहिले तर भाजी फक्त आमच्याकडे. पार्वताबाई पदर सावरत आल्या. "मेथी दे वं, माणिक. आमच्या वावरात तं सरकीच सरकी."

"आता वास नाही येत, पार्वताबाई?" बाबांनी विचारले.

"पोटाले कुठं नाक असते, देवीदासजी?"

कापसाने आमची भाजी शुद्ध केली. बाबांच्या वाचनाने जे झाले नाही, ते भावाने झाले. त्यांना याची गंमत वाटली. मला अजूनही वाटत नाही.

बाबा गेल्यावर साहेबांनाही कापूस दिसला. प्रार्थनामंदिरावर कौले घालायला पैसे हवे होते. बाग मोडून सरकी पेरायची, पार्वताबाईंचे यजमान नत्थुजी यांना वाट्याने द्यायची, असे ठरले. मी विचारले, "आणि बाबा?"

"ते प्रभूजवळ आहेत, माणिकबाई. मातीत काय आहे?"

पुस्तकांतले अन्याय करणारे लोक ओळखू येतात, ते दुष्ट असतात. साहेब दुष्ट नव्हते. बाबांच्या तापात रोज येऊन बसले होते.

नत्थुजी बैल आणि वखर घेऊन आले त्या सकाळी मी आणि आई आधीच विहिरीवर होतो. बाबांच्या उशाशी एक दगड ठेवलेला होता, तेल-शेंदराने माखलेला, ओला. नत्थुजींनी बैल थांबवले. वहाणा काढल्या आणि हात जोडले.

"कोणं लावला हा?"

"म्या," पार्वताबाई कुंपणापलीकडून म्हणाल्या. "बिनशेंदराच्या मातीवर तुमी आपल्या बापालेही वखरून काढान, मले माहीत हाये." मग माझ्याकडे वळल्या. "तुमच्या देवाचं अठी काही चालून नाई राहिलं, पोरी. म्हणून आमचा बसवला."

कोणी तरी साहेबांना बोलावले. ते लाल झाले. "माणिकबाई, तुझ्या बापाने ज्याचा त्याग केला, तेच त्याच्या छातीवर?"

ते खरे होते, म्हणून अधिक झोंबले.

आई खालच्या आवाजात म्हणाली, "पूस. असल्या दगडांपायी त्यांनी भावकी सोडली."

"पुसला तर वखर फिरेल, आई."

साहेबांनी नत्थुजींना खूण केली. नत्थुजी हलले नाहीत. "म्या नाई घालत, साहेब. दुसरा पाहा."

"दुसरा मिळेल."

"देवाच्या थानावर? अख्ख्या अमरावतीत पाहा."

साहेब माझ्याकडे वळले. "पुसून टाक ते."

"आधी क्रूस लावा, साहेब. मग मी पुसते."

"ही जागा तात्पुरती आहे, सांगितले ना तुला."

"शेंदूरही तात्पुरताच आहे," मी म्हणाले. "सध्या इथेच असू द्या."

तो त्यांचाच शब्द त्यांना आठवला असावा. ते बंगल्यात गेले. दुपार कलली तेव्हा सुताराला घेऊन आले. बाभळीचा ओबडधोबड क्रूस होता. तो त्यांनी स्वतः ठोकला.

मग मी गुडघ्यांवर बसले आणि पदराने शेंदूर पुसला. तेलातला शेंदूर, तो सहजी निघतो थोडाच? दगड कुंपणाशी नेऊन पार्वताबाईंच्या हातात दिला.

"पुसलं वं?" त्यांचा चेहरा उतरला. "ज्यानं वाचवलं त्याचाच राग?"

"तुमचा राग नाही, पार्वताबाई. बाबांना चालला नसता."

"देवीदासजी हसले असते," त्या म्हणाल्या आणि दगड पदराखाली घेऊन गेल्या.

नत्थुजींनी बाकी सगळे वखरले. वांगी, चुका, आईने बांधलेले वाफे, पाट. क्रूसाभोवती मात्र हवी त्याहून अधिक जागा सोडली. तेवढ्यात मेथीचा एक वाफा बसतो.

रविवारी मी तेच लुगडे नेसून प्रार्थनेला गेले. पदर लालभडक होता. साहेब दारातच उभे होते.

"दुसरे लुगडे नाही का तुला?"

"आहे, साहेब," मी म्हणाले, आणि आत जाऊन पहिल्या ओळीत, बाबा बसत तिथे बसले.