जुन्या सेटिंग काढू?

सहा वर्षांत मी लॅपटॉपला जेवढ्या सवयी लावल्या, तेवढ्या स्वतःला लावल्या असत्या तर आज पर्वती पळत चढलो असतो. लांबलचक कमांडच्या जागी एकेक अक्षर. 'ग' दाबलं की कोड सर्व्हरवर. मूळ कमांड मला आता एकही आठवत नाही. म्हणजे त्या सेटिंगच्या फायली गेल्या, की बिबवेवाडीतल्या या कंपनीत मी फक्त टायपिंग येणारा एक गृहस्थ उरतो.

जुना लॅपटॉप चार वाजता परत द्यायचा होता. फायली नव्यावर न्यायच्या म्हणून उघडल्या आणि किळस आली. फ्रिजचा खालचा कप्पा बरा. तीन हजार ओळी, निम्म्या कशासाठी ते माहीत नाही. एके ठिकाणी मीच लिहून ठेवलेलं, 'हे का चालतं कळत नाही. हात लावू नये.' घाण होती, पण माझी होती.

"हाताने कशाला नेतोस? माझी स्क्रिप्ट चालव," शेजारचा सुदर्शन म्हणाला. सुदर्शन तत्त्व म्हणून सगळं मराठीत लिहितो. पेनड्राइव्ह लावला. स्क्रिप्टने विचारलं, 'जुन्या सेटिंग काढू?'

मी 'हो' लिहिलं. चार सेकंदांत काम झालं. पेनड्राइव्ह रिकामा. लॅपटॉपही.

"गेल्या कुठे?"

"काढल्या ना. तूच हो म्हणालास."

"काढू म्हणजे बाहेर काढू! कपाटातून ताटं काढतोस तेव्हा फेकून देतोस का?"

"आणि कानातला मळ काढतोस तेव्हा ताटात वाढतोस का?" सुदर्शन शांतपणे म्हणाला. "पेनड्राइव्हवर घेऊ का, हा प्रश्न दुसरा आहे."

"आधी घ्यायचं, मग काढायचं, हे नाही सुचलं?"

"मला वाटलं, पुण्यात पहिल्याच प्रश्नाला हो कोण म्हणतंय?"

बॅकअप होता, त्याच लॅपटॉपवर. त्या फोल्डरचं नाव मी 'जुन्या सेटिंग' ठेवलं होतं. स्क्रिप्ट इमानदार निघाली.

टीम जमली. अपेक्षा म्हणाली, बँकेत खातं काढतात ते उघडतात, मिटवत नाहीत. आनंद म्हणाला, डाग काढतात तो जातो. इम्तियाज म्हणाला, आपण इथे दिवस काढतोय, त्याचं काय? मतदान झालं. मी तीन विरुद्ध दोन असा जिंकलो. फायली आल्या नाहीत.

चारला आयेशा मॅडम आल्या. कंपनीतली सगळी यंत्रं त्यांच्या ताब्यात.

"नवा लॅपटॉप लावून झाला? मागच्या वेळी तुम्हाला तीन दिवस लागले होते."

"झाला, मॅडम."

"किती वेळ लागला?"

"चार मिनिटं," मी खरं ते सांगितलं. लावायला काही उरलंच नव्हतं.

मॅडमनी रिकामा काळा पडदा कौतुकाने पाहिला. मग टीमकडे वळून म्हणाल्या, "बघा. याला म्हणतात शिस्त. सोमवारपासून कंपनीतले चाळीसही लॅपटॉप हेच लावून देतील, याच पद्धतीने. ते संपेपर्यंत यांना दुसरं काम देऊ नका."

म्हणजे नोकरी वाचली. कमांडची गरजही संपली.

सोमवारी पहिला लॅपटॉप अर्णवचा आला. उघडला. स्पेसबारखाली मिसळीचा कट वाळला होता, आणि त्यात एक केस. घाण होती, आणि माझी नव्हती.

"जरा चिकटतं," अर्णव म्हणाला. "जोरात दाबा."

मी जोरात दाबलं.