तिसऱ्या इंजिनाचं शून्य

त्याने आज्ञा टाइप केली आणि लिनक्सच्या काळ्या पडद्यावर तीन ओळी उमटल्या. एकाच सर्व्हरवर एकच शोध-इंजिन तीनदा चालू होतं: एक पुस्तकांसाठी, दुसरं वर्तमानपत्रांसाठी, तिसरं जुन्या फोटोंसाठी. तिन्हींची मेमरी वेगळी, तिन्हींचा पोर्ट वेगळा. पोर्ट म्हणजे एका घराचे तीन दरवाजे, असं तो ग्रंथपाल साहेबांना समजावून सांगे, आणि साहेब दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी मान डोलावत.

ग्रंथालयात त्याला नावाने कुणी हाक मारत नसे. तो सगळ्यांचा सर्व्हरवाला. जिन्यातला दिवा गेला तरी बोलावणं त्यालाच यायचं.

आठवडाभर सर्व्हर मेटाकुटीला आला होता. मेमरी पुरेना, दुपारी गर्दी झाली की पुस्तकांचा शोधही अडकायचा. साहेबांनी सकाळीच निकाल देऊन टाकला होता.

"ज्याचा वापर सगळ्यात कमी, ते बंद कर. पाचच्या आत."

वापर बघायला फार वेळ लागला नाही. पुस्तकं, दिवसाला सहाशे शोध. वर्तमानपत्रं, दोनशे. फोटो, शून्य. दोन वर्षांत एकही नाही.

त्याला वाईट वाटलं. ते फोटो वरच्या मजल्यावर फोटोसंग्रह सांभाळणाऱ्या मावशींनी नोंदवलेले होते. अकरा हजार फोटो. कोण उभं आहे, मागे कुठलं दुकान आहे, हे एकेका फोटोखाली आठ वर्षं बसून त्यांनी लिहिलं होतं. इंजिन बंद झालं की ते सगळं लिखाण पाण्यात जाणार होतं.

बंद करायची आज्ञा लिहून झाली. एंटरवर बोट गेलं आणि तिथेच अडलं. कमी वापर समजू शकतो. पण शून्य? चुकूनसुद्धा कुणी फिरकलं नाही?

त्याने संकेतस्थळाच्या सेटिंगची फाइल उघडली. दोन वर्षांपूर्वी त्यानेच पुस्तकांच्या शोधाच्या ओळी कॉपी करून खाली दोनदा चिकटवल्या होत्या. दुसऱ्या जागी नाव बदललं होतं, पोर्टही बदलला होता. तिसऱ्या जागी नाव बदललं होतं, पोर्ट मात्र पुस्तकांचाच राहिला होता. फोटो शोधणारा प्रत्येक माणूस दोन वर्षं पुस्तकांच्या दारात जाऊन हात हलवत परत येत होता.

त्याचे कान तापले. हे कुणालाच कळलं नव्हतं, आणि आता एंटर दाबलं तर कधी कळणारही नव्हतं. तो उठून जिना चढायला लागला. वरून एक वयस्कर गृहस्थ हातातलं मोठं पाकीट जपत उतरत होते. त्यांना त्याने वाट दिली.

"मावशी, माझ्याकडून मोठी चूक झालीय," तो दारातूनच म्हणाला आणि एका दमात सगळं सांगून मोकळा झाला.

मावशींनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला.

"मला माहीत आहे."

"काय?"

"पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. गिरणीचा फोटो शोधायला गेले, तर गिरणीवरची पुस्तकं आली."

"मग सांगितलं का नाहीत?"

त्यांनी समोरच्या खुर्चीकडे पाहिलं. तिच्यावर एक मऊ उशी होती.

"खाली सापडत नाही म्हणून लोक वर यायचे. बसायचे. हा माझा भाऊ, ही आमची शाळा, असं दाखवायचे. निम्मी नावं मला त्यांनीच सांगितलीत. एरवी या खोलीत माझ्याशी बोलायला आहे कोण? तेव्हा चूक काही तुझ्या एकट्याची नाही."

त्याने घड्याळाकडे पाहिलं.

"आज दुरुस्त केलं नाही, तर पाचला बंद होईल, मावशी."

"मग कर की. माझं तोंड काय बघतोस?"

त्यांनी उशी उचलली, झटकली आणि कपाटात ठेवून दिली.

खाली येऊन त्याने साहेबांना खरं ते सांगितलं, भरपूर बोलणी खाल्ली आणि आठवड्याची मुदत मिळवली. वर्तमानपत्रांचं इंजिन अडकेल या भीतीपोटी त्याला दिलेली जास्तीची मेमरी कापली. मग तिसऱ्या जागचा पोर्ट बदलला.

आठवड्याने पाहिलं, तर फोटोंचे दिवसाला चारशे शोध होत होते. साहेब खूश होते. जिन्यात मात्र सकाळपासून कुणी भेटलं नव्हतं. दुपारी तो वर गेला.

"आता काय बिघडलं?" मावशींनी विचारलं.

"काही नाही. जुन्या बसस्थानकाचा फोटो हवा होता."

"खाली टाइप कर की. लगेच येईल."

"आले. सतरा आले."

"मग?"

त्याने कपाटातून उशी काढली, खुर्चीवर ठेवली आणि बसला.

"नवव्या फोटोत तिकिटाच्या खिडकीमागे एक माणूस आहे. तुम्ही त्याचं नाव लिहिलेलं नाही. ते माझे वडील."

मावशींनी पेन्सिल उचलली.

"सांग," त्या म्हणाल्या.