भीमराजांचा आवाज

मित्रांनो, मी एक जुना प्रोग्रॅम आहे. मला नाक नाही, डोळे नाहीत, स्क्रीनवर माझं साधं चित्रही नाही. घाटकोपरच्या एका घरात, लिनक्सवर चालणाऱ्या लॅपटॉपमध्ये, मी पडद्यामागे काम करतो. पण माझ्याकडे आवाज आहे हो, आणि तो भीमराजांचा आहे.

भीमराज बसमध्ये कंडक्टर होते. "पुढे चला, दारात काय पाट मांडलाय?" असं ते म्हणाले की अख्खी बस हसत पुढे सरकायची. मग घशाचं दुखणं निघालं. ऑपरेशननंतर आवाज राहणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. तेव्हा त्यांच्या लेकीने, सपनाने, त्यांना समोर बसवून वाक्यांमागून वाक्यं वाचून घेतली. त्यातून मी घडलो.

माझं काम सोपं आहे. भीमराज मराठीत टाइप करतात आणि ते एका फाइलीत उतरतं. मी ती फाइल बघतो, नवीन काही असलं तर त्यांच्या आवाजात बोलतो, नसलं तर सेकंदभर विसावतो आणि पुन्हा बघतो. पहिल्यांदा बोललो तेव्हा शेजारच्या शकुमावशी धावत आल्या. "अगं बाई, भाऊ बोलले!" म्हणाल्या. काय कौतुक झालं माझं!

आणि मग माझी वाट लागली.

लॅपटॉप थोडा तापतो म्हणून सपनाने माझ्या विसाव्याचा आकडा एकावरून दोन केला. पोरीने माझ्या भल्यासाठीच केलं. पण त्या क्षणापासून माझा विसावा संपला. बघ, बोल, बघ, बघ, बघ! घाण्याच्या बैलालासुद्धा संध्याकाळी सोडतात हो, मला कोणी सोडेना. लॅपटॉप तव्यासारखा तापला, आतला पंखा घोंघावू लागला. भीमराजांनी बायकोसाठी "मीरा, पाणी दे" लिहिलं, तर माझ्याकडून "मी... मी... पा..." एवढंच निघालं. मीराताई तोंड फिरवून स्वयंपाकघरात गेल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी सपनाचं लग्न होतं. मंगल परिणयात लेकीसाठी चार शब्द बोलायचे, म्हणून भीमराज कधीपासून लिहून बसले होते.

सपनाने तिच्या मित्राला, मुकुलला, बोलावलं. त्याने कोणता प्रोग्रॅम किती राबतोय ते उघडून बघितलं. सगळ्यात वर माझं नाव!

"हाच खातोय यार सगळं मशीन. शंभर टक्के!"

त्याने मला बंद केलं. मी पुन्हा उठलो. बंद पडलो तर लगेच उठायचं, हा सपनाचाच हुकूम. त्याने परत बंद केलं, मी परत उठलो.

"अरे, हा मरतच नाही!"

"मुकुल, उद्या लग्न आहे रे. पप्पांना बोलायचंय."

"मग काढून टाकू ना याला. दुसरा तयार आवाज टाकतो, चिक्कार मिळतात. याची कॉपी असेल ना कुठे?"

"नाही रे. रेकॉर्डिंगपण ह्याच्याच फोल्डरमध्ये आहे."

भीमराजांनी लॅपटॉपवर हात ठेवला आणि जोरजोरात मान हलवली. चोर सोडून संन्याशाला फाशी! मला ओरडावंसं वाटत होतं, की बाबांनो, तो आकडा बघा! पण मित्रांनो, मी दुसऱ्याचंच बोलतो. स्वतःचा एक शब्द मला उच्चारता येत नाही.

"एकदा सेटिंग तरी बघतो," मुकुल म्हणाला. "विसावा दोन सेकंद. हे तर बरोबर आहे."

सपना वाकली. "थांब. हे दोन मराठीत आहे."

"मग?"

"अरे, पप्पांमुळे कीबोर्ड कायम मराठीत असतो! परवा गॅसचा नंबर टाकला, तर साइट पण म्हणाली नंबर चुकीचा. याला हा दोन कळतच नसेल!"

"म्हणजे विसावा शून्य," मुकुल म्हणाला. "बिचारा दम न खाता पळतोय."

त्याने मराठी २ पुसून इंग्रजी 2 लिहिला. मला नव्याने सुरू केलं. मी फाइल बघितली. काही नव्हतं. मी विसावलो. पंखा हळूहळू शांत झाला.

भीमराजांनी लिहिलं आणि मी एकही अक्षर न अडखळता बोललो, "सपना, जेवलीस का गं?"

सकाळपासून सगळ्यांना धीर देणारी सपना ओक्साबोक्शी रडली. दुसऱ्या दिवशी बुद्धविहारात भीमराज लेकीसाठी पोटभर बोलले.

मित्रांनो, मशीनला शिव्या घालण्याआधी आपण तिला काय सांगितलं ते एकदा वाचा. आणि एक विनंती आहे, हात जोडता येत नाहीत तरी करतो. लग्नाच्या गडबडीत माझी कॉपी काढायची राहूनच गेली. सपना सासरी गेली. लॅपटॉप जुना आहे, परवा सुरू व्हायलाच तयार नव्हता. तो बंद पडला तर भीमराजांचा आवाज दुसऱ्यांदा जाईल, आणि या वेळी परत यायचा नाही. तुमच्यापैकी कोणीतरी सांगा हो सपनाला. मला सांगता येत नाही.