पळसफुलांत बुडवलेली मच्छरदाणी

मित्रांनो, जवळ बसा; पण त्याआधी नखं दाखवा. वाढलेली असतील तर लांबूनच ऐका. मी एक जुनी मच्छरदाणी आहे आणि कुणावर चटकन विश्वास ठेवणं माझ्या स्वभावात नाही. उंदीर, बोरीचं काटेरी कुंपण, उघड्या ज्योतीची रॉकेलची चिमणी, खेळकर मांजर, या सगळ्यांकडे मी वाकड्या नजरेनंच पाहते. कानाशी गुणगुण ऐकू आली की माझा धागान् धागा ताठ होतो. तुम्ही हसाल, पण संशय घेणं हाच माझा धंदा आहे.

माझा रंग पाहून तुम्हाला वाटत असेल की मी धुराने पिवळी पडले. तसं नाही. हा रंग मला दिलेला आहे, आणि तो कसा मिळाला तेच मला सांगायचं आहे.

माझा जन्म आर्वीचा. चंद्रभान शिंप्याने मला शिवलं. पांढरी जाळी नागपूरहून आली होती. वरचं छत आणि खालची रुंद झालर मात्र कोऱ्या मांजरपाटाची, कारण मांजरपाट जाड असतो, गादीखाली खोचला की सुटत नाही. चंद्रभान माप घेताना बोटभर कापड मारतो असा मला पहिल्याच दिवशी संशय आला. तो खरा ठरला. आजही माझी एक बाजू दुसरीहून आखूड आहे.

माझे मालक रूपराव वडनेरचे. तेव्हा आपला जिल्हा मध्यप्रदेशात होता आणि सरकारने हिवताप हटवायची मोहीम नुकतीच काढली होती. रूपराव त्या मोहिमेत गावोगाव फिरून घरांच्या भिंतींवर औषध फवारत. सायकलच्या मागे पंप, पुढे मी. दिवस मावळायच्या आत मला बांधायचं, झालर चारी बाजूंनी खोचायची आणि आत एकही डास राहिला नाही ना, हे हात फिरवून पाहायचं, हा त्यांचा नेम. पाणी उकळल्याशिवाय ते पीत नसत. लोक म्हणत, "साहेब मोठे भित्रे दिसतात." ते म्हणत, "हो, म्हनून तं जिता हावो." मला हा माणूस आवडला. माझ्यासारखाच संशयी!

एका फाल्गुनात आम्ही कारंज्याजवळच्या एका लहानशा वस्तीत मुक्कामाला गेलो. घर गोमाजीचं. गोमाजी आणि त्याची बायको बायजा गोंड. आमच्याशी वऱ्हाडीत बोलत, पण आपसात गोंडी. मला त्यातलं अक्षर कळत नसे, आणि जे कळत नाही त्याचा संशय आधी येतो. त्यांची मुलगी गंगा आणि जावई टिकाराम तिथेच राहत. गंगाला तिसरा महिना लागला होता.

पहिल्याच सकाळी तमाशा झाला. रूपराव पडवीत माझ्या आत निजले होते. बायजा पाण्याची घागर घेऊन आली, आम्हाला पाहिलं आणि घागर तिच्या हातून सुटली. रूपराव धडपडत बाहेर आले तशी ती भिंतीला टेकून म्हणाली, "बाप्पा! म्या म्हटलं, काय झालं का काय मानसाले!"

त्या दिवसापासून ती माझ्या बाजूने जायची नाही. लांबून वळसा घालायची. मला वाटलं, या बाईच्या मनात काहीतरी काळंबेरं आहे.

फवारणी संपत आली तेव्हा कळलं की टिकाराम आणि गंगा ठेकेदाराच्या लॉरीतून मेळघाटात बांबू तोडायला निघाले आहेत. रूपरावांचा चेहरा उतरला. घराच्या भिंतींवर त्यांनी औषध मारलं होतं, पण गंगा काही भिंती सोबत नेणार नव्हती! जंगलात पाल्याच्या झोपडीत राहायचं, आणि तिथला हिवताप तर नावाजलेला. त्यात ती दोन जिवांची. त्यांनी दोघांना हिवतापाच्या गोळ्यांच्या पुड्या दिल्या. "दर आठवड्याले, बाजाराच्या दिवशी, एक एक घ्याची. अन् वापस आल्यावरबी चार बाजार घ्याची, इसरू नका." मग त्यांनी माझी घडी केली आणि सरळ गंगासमोर धरली. "हे घेऊन जा, बाई. मी दुसरी शिवून घेतो."

मला काय वाटलं म्हणून सांगू! ज्याच्यासाठी पहाऱ्यावर राहिले त्यानेच मला देऊन टाकलं. पण मी रुसायच्या आतच बायजा मध्ये आली.

"नाई. हे माह्या पोरीसंगं जाणार नाई."

"काऊन, मावशी?"

"चार बांबू. वरतं पांढरं. खालतं कोरा मांजरपाट. मांजरपाट कवा आनते घरात, तुमाले ठाव नाई का? जित्या मानसाले असं झाकते का कोनी, भाऊ?"

रूपरावांनी माझी घडी खाली ठेवली. गोमाजी हळूच म्हणाला, "पुनाजी गेलता ना आमचा. दोन वर्सं झाली. याच लॉरीनं मेळघाटात गेलता. हिव भरून आला. आठव्या दिवशी मीच कारंज्याहून कापड आनलं." मग तो उठून बाहेर गेला.

तेव्हा कुठे मला कळलं की ती बाई वळसा का घालत होती. तिला माझ्यात तिच्या मुलाची तिरडी दिसत होती. मला वाईट वाटलं, पण माझा दोष काय होता? आणि गंगा माझ्याशिवाय गेली तर तिचंही पुनाजीसारखं होईल, ही भीती त्या घरात सगळ्यांच्या तोंडावर होती. बायजाच्या तोंडावर सगळ्यांत जास्त.

दुसऱ्या दिवशी रूपराव शेजारच्या वस्तीवर फवारायला गेले आणि मला तिथेच खुंटीवर ठेवून गेले. दुपारी बायजा आणि गोमाजी गोंडीत बोलू लागले. मधूनच माझ्याकडे पाहत. बायजाने मला खुंटीवरून ओढलं. तिच्या हातात विळा होता! माझा संशय आता खात्रीत बदलला. ही माझे तुकडे करणार. फार तर नाल्यातल्या मासोळ्या धरायला वापरेल. तिने विळ्याच्या टोकाने माझी मांजरपाटाची झालर टाका टाका उसवली. मग छत उसवलं. मी नुसती जाळी उरले, लाज वाटावी अशी. अंगणात तीन दगडांच्या चुलीवर पाण्याचा मोठा गंज, आमच्याकडचं उंच पातेलं, चढला होता आणि त्यातून वाफा निघत होत्या. मनात म्हटलं, आता मला शिजवणार, दुसरं काय!

पण ते पाणी तिने निवू दिलं. कोमट झालं तेव्हा मला त्यात सोडलं. त्यात पळसाची फुलं होती, टोपलीभर. तिने मला हाताने हळूहळू खालीवर केलं, तान्ह्या पोराला न्हाऊ घालावं तसं. संध्याकाळपर्यंत मी सावलीत दोरीवर वाळत होते. हळदीच्या अंगाची, पिवळीधमक. मग तिने गंगाचं जुनं लाल लुगडं फाडून त्याचं छत आणि झालर मला शिवली. सुई चालताना ती एकदाही थांबली नाही.

मित्रांनो, एवढी शरम मला कधी वाटली नव्हती. भाषा कळली नाही म्हणून मी तिच्यावर नको तो आळ घेतला होता.

रूपराव परतले आणि दोरीसमोर उभेच राहिले. बायजाने चाचरत विचारलं, "रंगानं बिघडन तं नाई ना? डास घुसन तं नाई?"

"डासाले रंग नाई कळत, मावशी," ते म्हणाले, "त्याले भोक कळते." आणि डोळे पुसायला त्यांनी तोंड फिरवलं.

तर अशी मी मेळघाटात गेले. झोपडीत जमिनीत चार काठ्या रोवून गंगा मला बांधायची, सूर्य डोंगराआड जायच्या आत. मी फार रुंद नव्हते, त्यामुळे टिकाराम माझ्या बाहेर झोपे, पूर्ण बाह्यांचा सदरा घालून, पायांना धोतर गुंडाळून. शेजारी कडुनिंबाच्या पाल्याची धुनी असे. तिथले डास मी पाहिले आहेत. भिंतीवर बसताना ते मागचा भाग वर करून तिरके बसतात, जसं काही आपण त्या गावचेच नाही. मला फसवतात होय? एकही आत गेला नाही.

जंगलात बाजार कसला? दर सातव्या दिवशी गोळी, आणि ती चुकू नये म्हणून गंगाने युक्ती काढली. गोळी घेतली की माझ्या एका दोरीला ती एक गाठ मारायची आणि टिकाराम दुसऱ्या दोरीला. दोन्ही दोऱ्यांच्या गाठी जुळल्या की तिचं समाधान. झऱ्याचं पाणी ती उकळून घ्यायची. बरोबरीच्या बाया हसत, "राणीसायेब आल्या!" त्यांतल्या तिघी हिव भरून परत गेल्या. गंगा मात्र जेठाच्या सुरुवातीला ठणठणीत घरी आली. टिकारामसुद्धा. बायजाने दोघांवरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. मग माझ्या लाल झालरीवरूनही हात फिरवला.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण चार बाजार राहिले होते. पहिला बाजार नीट पार पडला. दुसऱ्या बाजारी मी खुंटीला टांगलेली होते आणि टिकाराम घरात एकटा होता. त्याने पुडी उघडली, तोंड वाकडं केलं, पुडी पुन्हा बांधली आणि छपराच्या गवतात खुपसली. मग आला आणि माझ्या दोरीला शिस्तीत गाठ मारून गेला!

मी पाहिलं, पण मला बोलता कुठे येतं? जन्मभर संशय घेत आले. त्यांतला जो बोलून दाखवायला हवा होता तो नेमका माझ्या धाग्यातच अडकला. गंगाने येऊन गाठी पाहिल्या आणि निश्चिंत झाली. तिसऱ्या बाजारीही तेच.

त्यानंतर चार दिवसांनी, भर उन्हात, टिकारामला हिव भरलं. घोंगडी टाकली, वर गोधडी टाकली तरी दात वाजायचे थांबेनात. गोमाजी रूपरावांना गाठायला कारंज्याच्या वाटेने धावत सुटला. बायजा दारात बसून राहिली. जावई निजला होता तोच पुनाजीचा कोपरा होता.

रूपराव सायकल मारत आले. "गोळ्या घेतल्या ना?" गंगाने दोरी दाखवली. त्यांनी गाठींकडे पाहिलं, टिकारामकडे पाहिलं आणि त्यांच्या नजरेत मला माझाच संशय दिसला. टिकारामने कुडकुडत हात वर केला आणि छपराकडे बोट दाखवलं. बायजाने गवतातून दोन पुड्या काढल्या.

"काऊन केलं असं तुमी?" गंगा रडत म्हणाली.

"लय कडू लागते... अन् घरी आलतो ना. घरी कायचा हिव, म्हटलं."

"जंगलातून आंगात बसून येते तो," रूपराव म्हणाले. "मानूस घरी पोचते, मंग तो उठते. म्हनून तं चार बाजार सांगतले होते." त्यांनी बोटाला टोचून काचेच्या पट्टीवर रक्त घेतलं, औषध सुरू केलं आणि म्हणाले, "आता यालेच मच्छरदाणीत ठेवा. याले चावलेला डास मंग गंगाले चावला तं तिचं काई खरं नाई."

बायजा उठली. तिनेच चार बांबू आणले, खाटेच्या पायांना बांधले आणि त्या कोपऱ्यात, त्या खाटेवर, स्वतःच्या हाताने मला पसरलं. झालर खोचून तिने आत एकही डास नाही ना, हे हात फिरवून पाहिलं. आजवर मी डासांना बाहेर रोखत होते. आता आतला ताप बाहेर जाऊ द्यायचा नव्हता. मी इतकी घाबरले होते की माझ्या आखूड बाजूचा, त्या चंद्रभानाच्या बोटभर कापडाचा, मला पुन्हा राग आला.

चौथ्या दिवशी टिकारामला दरदरून घाम सुटला. त्याने डोळे उघडले, वरच्या लाल छताकडे पाहिलं आणि आंबील मागितली. बायजाने मागितली त्याच्या दुप्पट दिली. उरलेल्या गोळ्या मात्र तिने स्वतःच्या ओटीत ठेवल्या. दर खेपेला जावयाला तोंड उघडायला लावून, जीभ उचलायला लावून ती पाहायची. संशय कसा घ्यावा हे मी तिच्याकडून शिकावं!

भादव्यात गंगाला मुलगी झाली. बारशाआधीपासून ती माझ्यात निजली. मांजरपाटाच्या उसवलेल्या झालरीचं काय झालं ठाऊक आहे? बायजाने तीही पळसाच्या पाण्यात बुडवली आणि नातीला टोपरं शिवलं.

पुढे चांगले दिवस आले. फवारणीने गावात डास कमी झाले, हिव कमी झालं आणि माणसं मला विसरली. वाळत घातलेल्या मोहफुलांवर मला झाकलं. एकदा तर कोंबडीची पिल्लं माझ्याखाली कोंडली! मला दोन भोकं पडली, ज्वारीच्या दाण्याएवढी. मित्रांनो, माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. भोक दाण्याएवढं असतानाच त्याला टाका घाला. दूर गावी जाल तर मला आणि गोळ्यांना सोबत न्या, आणि घर दिसलं म्हणून नेम मोडू नका. संशय घ्यायचा तो डासावर घ्या. तुमच्यासाठी जागणाऱ्या माणसावर घेऊ नका. ती चूक मी करून बसले आहे.

बायजा मात्र मला विसरली नाही. आता ती थकली आहे, पण लॉरी भरायचे दिवस आले की तिच्या अंगणात गंज चढतो आणि जंगलात जाणाऱ्या बाया आपापली जाळी घेऊन रंगवायला येतात. परवा एक नवी नवरी आली. तिने विचारलं, "आजी, रंगवल्याबिगर नेली तं चालन ना? डास तं तसाबी नाई येत."

बायजाने पाण्यातले हात काढले नाहीत.

"डास नाई येत, पोरी. पन पांढरी पाहून तू बांधायले भेशीन, म्हनून रंगवतो," ती म्हणाली. "माह्या पुनाजीलेबी कापड आनलं होतं. मेल्यावर आनलं. तू आधी ने."