ढोलावर बोललेलं डुक्कर

"या बैठकीत तरी राजधानी मोरेस्बीची संसद बुगनविल बेटाच्या स्वातंत्र्याचा प्रश्न हाती घेईल, अशी आशा आहे," असं रेडिओ म्हणाला आणि रताळी सोलणाऱ्या स्कोलास्टिकाने त्याचा कान पिळून त्याला गप्प केलं.

"मेल्या, किती वर्षं तेच सांगतोयस!"

मोरेस्बीपासून वेगळं व्हायचंय का, असं विचारल्यावर बेटावरच्या शंभरातल्या अठ्ठ्याण्णव जणांनी हो म्हटलं होतं. तिची म्हातारी आई आग्नेस नातवाच्या पाठीवर बसून मत द्यायला गेली होती आणि शाईचं बोट तिने आठवडाभर धुतलं नव्हतं. निकाल आला त्या संध्याकाळी स्कोलास्टिकाने बैठकघरातला लाकडी ढोल वाजवायला लावला आणि आपलं डुकराचं पिल्लू साऱ्या गावासमोर बोलून टाकलं: हे स्वातंत्र्याच्या जेवणाचं. ढोलावर बोललेलं डुक्कर मग दुसऱ्या कशाला कापत नाहीत.

पुढे कळलं की मत नुसतं मतच होतं. कायद्याप्रमाणे शेवटचा शब्द संसदेचा, आणि संसद धड हो म्हणेना, धड नाही म्हणेना. घोंगडं भिजत पडलं. डुक्कर मात्र वाढत राहिलं. ते कुंपण मोडून पळालं की शेजारची रेजिना ओरडायची, "स्कोला, तुझं स्वातंत्र्य पुन्हा माझ्या मळ्यात शिरलंय गं!"

मोरेस्बीचा एक साहेब मध्ये सल्लामसलतीला आला होता. त्याला स्कोलास्टिकाने गावासमोर सुनावलं, "आमच्यात बोललेलं डुक्करसुद्धा कुणी फिरवत नाही. तुम्ही तर अख्ख्या बेटाचा शब्द फिरवताय. लाज नाही वाटत?" साहेबाने ते लिहून घेतलं.

आणि मग आग्नेस गेली.

मोठं डुक्कर कापून गावजेवण घातल्याशिवाय सुतक फिटत नाही. तोवर लेकीने काळे कपडे घालायचे, केस कापायचे नाहीत, कुणाच्या पंगतीला बसायचं नाही. स्कोलास्टिकाकडे मोठं डुक्कर एकच होतं.

"काप की तेच," रेजिना म्हणाली. "कोण नको म्हणतंय? काप म्हणणाऱ्यांनी करा रे हात वर!"

सगळ्यांनी हात वर केले. कुळाचा मोठा पायस मामा, त्यानेही तोंडातली सुपारी गालात सारून हात वर केला. "गावाचं म्हणणं कळलं, पोरी. पण शब्द तुझा आहे. तोडायचा की नाही, ते तू बघ."

सुरा घेऊन ती तरातरा डुकराच्या कुंपणाकडे गेली. डुकराला वाटलं खायला आणलंय; ते नाक उडवत पुढे आलं. सुरा उचलताना तिला तो साहेब आठवला, त्याची वही आठवली. आज शब्द मोडला तर उद्या त्याला कुठल्या तोंडाने बोलायचं? ती तशीच परत फिरली.

"अगं, सगळ्यांनी हात वर केलेत," रेजिना चिडली, "तरी नाही?"

"तरी नाही!" स्कोलास्टिका ओरडली, आणि आपल्याच तोंडून संसदेची भाषा ऐकून तिला रडूच फुटलं.

वर्ष गेलं. साहेब पुन्हा सल्लामसलतीला आला. या खेपेला त्याने स्वतःहून विचारपूस केली, "अजून काळे कपडे? आईला जाऊन वर्ष झालं म्हणतात ना?"

तिने त्याला हाताला धरून कुंपणाशी नेलं. "आईचं सुतक याच्यावर अडलंय, साहेब. आणि हे डुक्कर तुमच्यावर अडलंय. सोडवा, नाहीतर नाही म्हणून सांगा. एकदाचं काहीतरी सांगा!"

डुक्कर साहेबाचे बूट हुंगायला लागलं, तसा तो दोन पावलं मागे सरला. "तुमच्या भावना मी नक्की वर कळवतो," म्हणाला, आणि गाडीकडे गेला.

स्कोलास्टिकाने चुलीवरची रताळी उतरवून डुकरापुढे टाकली. हल्ली त्याला उकडूनच द्यावी लागतात. त्याचे दात पडायला लागलेत.