दारात थांबा

“गाडी नि…” एवढंच तोंडातून निसटलं आणि ताईंनी जीभ चावली.

फोनवरच्या माणसाच्या ते ध्यानातही आलं नाही. त्याचा मुलगा शाळेच्या जिन्यावरून पडला होता, पायाचं हाड मोडलं असावं, आणि बाप मुलापेक्षा मोठ्याने रडत होता. पण ताईंच्या डाव्या हाताला, त्याच फोनला दुसरा हेडफोन जोडून बसलेल्या मॅडमनी मान वर केली. पेन उचललं. कागदावर काही लिहिलं नाही, पण पेन खालीही ठेवलं नाही.

“गाडी अजून मिळालेली नाही,” ताई सावरून म्हणाल्या. “मिळाली की त्या क्षणी सांगते. मी फोन ठेवत नाहीये. त्याचा पाय हलवू नका, आहे तसाच राहू दे.”

समोरच्या पडद्यावरचा चौकोन पिवळाच होता. दूध उतू जाईल म्हणून पातेल्याकडे बघावं तशा ताई त्याच्याकडे बघत राहिल्या. शेवटी एकदाचा तो हिरवा झाला.

“आता निघाली,” त्या म्हणाल्या, आणि तो शब्द उच्चारायला मिळाल्यावर त्यांचे खांदे सैल झाले.

रुग्णवाहिकेसाठी लोक ज्या नंबरवर फोन करत, तो या खोलीत वाजायचा. ताईंइतकं जुनं त्या खोलीत फक्त छताचा पंखा होता, आणि तोही हल्ली कुरकुरतो, असं ताईच सांगायच्या. पूर्वीचं काम सरळ होतं. पत्ता चिठ्ठीवर लिहायचा, चिठ्ठी काचेमागच्या वायरलेसवाल्याकडे सरकवायची आणि फोनवरच्या माणसाला सांगायचं, “गाडी निघाली. दारात थांबा.” गाडी निघालेली असो वा नसो. हे वाक्य ताईंचं होतं. ‘निघाली’वर किंचित रेंगाळायचं, पुढचे दोन शब्द आईने पाठीवर हात ठेवावा तसे म्हणायचे, आणि फोन ठेवायचा. पलीकडच्याचा जीव भांड्यात पडायचा आणि लाइनही मोकळी व्हायची. नवी मुलगी कामावर आली की ताई तिला पहिल्याच दिवशी हे शिकवत. खोलीतली प्रत्येक जण ते वाक्य ताईंच्याच चालीवर म्हणायची.

मग चिठ्ठ्या गेल्या, वायरलेसवाला गेला, पडदे आले आणि पडद्यांच्या मागोमाग मॅडम आल्या. वयाने ताईंच्या मुलीएवढ्या. ताठ चालायच्या, मोजून बोलायच्या. मुलींनी पहिल्याच दिवशी दुपारपर्यंत त्यांचं नाव ‘फूटपट्टी’ ठेवून टाकलं. चौकोन हिरवा झाल्याशिवाय गाडी निघाली म्हणायचं नाही, किती वेळ लागेल ते खरं सांगायचं आणि गाडी पोहोचेपर्यंत फोन ठेवायचा नाही, तोवर तिथल्या माणसाने काय करायचं ते त्याला सांगत राहायचं, अशी त्यांची शिकवण. संगणक ताईंनी बघता बघता आत्मसात केला. छाती कशी दाबायची, रक्त कसं थांबवायचं, हेही त्यांनी घोकून पाठ केलं. ते वाक्य मात्र जिभेवरून जाईना. दोन चाचण्या त्यापायी बुडाल्या.

“अहो मॅडम, माणूस घाबरलेला असतो,” दुसऱ्या वेळी ताई भडकल्या होत्या. “त्याला धीर द्यायचा की गाडीचं वेळापत्रक वाचून दाखवायचं?”

“खरं सांगायचं,” मॅडम म्हणाल्या. “चुकीची माहिती द्यायची नाही, असा नियम आहे.”

“नियम फोन करत नाही. माणूस करतो.”

मुली तोंडाला रुमाल लावून हसल्या. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी तिसऱ्या चाचणीची तारीख दिली. ही शेवटची, आणि खऱ्या फोनवर. नापास झालं तर ताईंनी खालच्या मजल्यावरचं टायर-बॅटऱ्यांचं स्टोअर सांभाळायचं. पगार तोच राहणार होता. पण टायरला धीर लागत नाही. शहरातल्या घाबरलेल्या माणसांना आपला आवाज ऐकून बरं वाटतं, एवढ्या एका गोष्टीवर ताई उभ्या होत्या. ती काढून घेतली तर आपलं काय उरतं, याचा विचार त्यांनी मुद्दामच केला नव्हता.

घरी त्यांनी नवऱ्याला सरावाला बसवलं होतं. तो हातात रिमोट धरून फोन करायचा.

“हॅलो, माझी बायको बेशुद्ध पडलीय.”

“कधीपासून?”

“लग्नाचा निरोप आला तेव्हापासून.”

ताईंनी त्याला उशी फेकून मारली होती. पण हसू ओसरल्यावर तोच म्हणाला होता, “अगं, आत्तासुद्धा तू मला ‘निघाली’ म्हणालीस. मी नीट ऐकलं.” त्यावर ताई उठून भाजी निवडायला गेल्या होत्या.

आज तीच तिसरी चाचणी चालू होती, आणि जेवणाची सुट्टी जवळ आली होती. तेवढी गाठली की चाचणी संपली. फोन वाजला.

“लवकर या हो, हे पडलेत. स्वयंपाकघरात पडलेत, उठत नाहीयेत.” बाईमाणसाचा आवाज होता. मागे कुकरची शिट्टी होत होती.

“पत्ता सांगा.”

“पाण्याच्या टाकीमागची गल्ली. शेवटचं घर.”

ताईंची बोटं चालू लागली. चौकोन पिवळा झाला.

“हाक मारल्यावर ओ देतात का?”

“नाही.”

“छाती वरखाली होतेय का? नीट बघून सांगा.”

“नाही… मधेच घरघर होते. नाही होत. गाडी निघाली ना?”

ताईंनी पडद्याकडे पाहिलं. टाकीच्या बाजूच्या दोन्ही गाड्या दुसऱ्या पेशंटकडे होत्या. पडदा त्याहून लांबची गाडी शोधत होता, आणि ती मिळाली तरी चौदा मिनिटं लागणार होती, असं खाली लिहून आलं होतं.

“निघाली ना हो गाडी?”

बाई ते वाक्य मागत होती. दोन हात पसरून मागत होती. देणं किती सोपं होतं. शेजारी मॅडमचं पेन कागदाला टेकलं.

“नाही,” ताई म्हणाल्या. “अजून निघालेली नाही. जवळच्या गाड्या बाहेर आहेत. निघाल्यावर चौदा मिनिटं लागतील.”

पलीकडे कुकरची आणखी एक शिट्टी झाली.

“मग तिथे बसून करताय काय तुम्ही?” बाई किंचाळली. “माणूस मेल्यावर पाठवणार का गाडी? लाज कशी वाटत नाही तुम्हाला!”

इतक्या वर्षांत ताईंशी फोनवर कुणी असं बोललं नव्हतं. लोक त्यांना आशीर्वाद देत, ‘देवासारख्या भेटलात’ म्हणत. त्यांची कानशिलं तापली. हेच का ते खरं बोलणं, असं मॅडमना विचारावंसं वाटलं.

“मला शिव्या द्या,” त्या म्हणाल्या, “पण हात कामाला लावा. फोन स्पीकरवर टाकून खाली ठेवा. ते पाठीवर आहेत का?”

“कुशीवर.”

“ओढून पाठीवर करा. झालं? आता त्यांच्या शेजारी गुडघे टेकून बसा. एक तळहात छातीच्या मधोमध, त्यावर दुसरा. कोपर वाकवायचं नाही. सगळं वजन टाकून दाबा, सोडा, परत दाबा. मी मोजते तसं. एक, दोन, तीन, चार. एक, दोन…”

“बरगडी मोडेल हो त्यांची.”

“मोडू दे. मी सांगते ना, मोडू दे. तीन, चार.”

फोनमधून बाईचा श्वास ऐकू येऊ लागला, धाप आणि हुंदका मिसळलेला. आजूबाजूच्या मुलींचे आवाज कमी झाले होते. त्यांचे फोन चालूच होते, पण माना सगळ्या इकडे वळल्या होत्या.

“तुमची गल्ली आत वळते ना?” ताईंनी मोजता मोजता विचारलं. पडद्यावरच्या नकाशात ते दिसत होतं.

“वळते. म्हणूनच म्हणते, त्यांना घर सापडायचं नाही.” धाप थांबली. भांडं पडल्यासारखा आवाज आला. बाई उठली असावी. “मी दारात जाऊन उभी राहते.”

“दारात जाऊ नका!”

ताई ओरडल्याच. आणि त्या ओरडण्याबरोबर त्यांची मोजणी थांबली.

कालपर्यंत याच बाईला त्यांनी स्वतःच दारात पाठवलं असतं. गोड आवाजात पाठवलं असतं आणि फोन ठेवला असता. बाई पायरीवर उभी राहून गल्लीच्या वळणाकडे बघत राहिली असती, गाडी निघाली आहे या भरवशावर. आत फरशीवर तो माणूस एकटा पडून राहिला असता, आणि त्याच्या बायकोचे दोन्ही हात रिकामे असते. ताईंना ते घर दिसलं. मग दुसरं दिसलं. मग त्यांना दारंच दारं दिसायला लागली, प्रत्येक दारात कुणीतरी उभं.

“हॅलो? अहो, आहात ना?” फोनमधून बाई विचारत होती.

मॅडमनी ताईंच्या मनगटाला हात लावला.

“आहे,” ताई म्हणाल्या. “बसा परत. दाबा. एक, दोन, तीन, चार. दाबता दाबता शेजाऱ्यांना हाका मारा, कुणी आलं की त्याला दारात उभं करा. तुम्ही मात्र जागच्या हलू नका. एक, दोन…”

बाईने हाका मारल्या. कुणाची तरी पावलं वाजली, एका पुरुषाचा आवाज आला, कुकर बंद झाला. चौकोन हिरवा झाला, तेव्हा ताईंनी तो शब्द अगदी कोरडा उच्चारला आणि लगेच पुढचा आकडा घेतला. बाई दमली की तो पुरुष दाबायचा, तो दमला की बाई. मोजायला मात्र ताईंना पाळी देणारं कुणी नव्हतं. मॅडमनी त्यांच्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला, त्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. शेवटी खूप माणसं एकदम बोलू लागली, ‘बाजूला व्हा’ असं कुणीतरी म्हणालं आणि फोन बंद झाला.

त्या माणसाचं पुढे काय झालं ते कळलं नाही. या खोलीत ते कधीच कळायचं नाही.

“पास,” मॅडम म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच हसल्या.

मुलींनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत धाकटीने तर ताईंच्या गळ्यात हातच टाकले. “फूटपट्टीला सरळ केलंत, ताई!” ती कानात म्हणाली. ताईंनी तिचे हात हळूच सोडवले आणि त्या बेसिनकडे गेल्या. तोंडावर पाणी मारलं, पुन्हा मारलं. आरशात बघायचं टाळलं.

मॅडम मागोमाग आल्या. “मध्येच मोजणी थांबली होती, ताई. काय झालं?”

“ठसका लागला.”

मॅडमनी मान डोलावली. पटल्यासारखी नाही, पण पुढे विचारलं नाही. “उद्यापासून बाकीच्यांना तुम्ही शिकवायचं,” त्या म्हणाल्या. “मी सांगितलं की त्यांना नियम वाटतो. तुमचं ऐकतील.”

“त्यांनी माझं ऐकलंय,” ताई म्हणाल्या. “तेच तर.”

दुसऱ्या दिवशी पाळी सुरू होण्याआधी सगळ्या मुली खुर्च्या फिरवून ताईंभोवती बसल्या. वातावरण सहलीचं होतं. मॅडम दाराशी उभ्या होत्या. ताईंनी पिवळा-हिरवा चौकोन समजावला, वेळ कशी सांगायची ते सांगितलं, तळहात कुठे ठेवायचा ते टेबलावरच्या उशीवर दाखवलं. मुली पटापट शिकत होत्या. चढाओढीने उशी दाबत होत्या, एकमेकींना कोपरखळ्या मारत होत्या.

“आणि ‘गाडी निघाली, दारात थांबा’ हे म्हणायचं नाही,” ताई म्हणाल्या. “कधीच नाही.”

“पण ताई,” धाकटी लाडात येऊन म्हणाली, “तुम्हीच तर शिकवलंत. पहिल्या दिवशी चहा पाजून शिकवलंत. इतकी वर्षं आपण तसंच सांगत आलो. काय बिघडलं?”

सगळ्या हसल्या. भाबडा प्रश्न होता, आणि तो विचारणारी पोरगी ताईंवर जीव टाकणारी होती. ‘काही नाही गं, कुठे काय बिघडलं?’ हे शब्द ताईंच्या ओठांवर येऊन थांबले. जुन्याच ढबीने आले होते, जुन्याच गोडव्याने. ते म्हटले असते तर खोलीतल्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडला असता, ताईंचाही.

“मला माहीत नाही,” त्या म्हणाल्या. “फोन ठेवल्यावर आपण कधी विचारलंच नाही. मी लोकांना दारात उभं करत होते आणि त्यांचं माणूस आत पडलेलं असायचं. त्या वेळात ते त्याच्यापाशी बसले असते, तर काहींचं वेगळं झालं असतं. किती जणांचं, ते मला माहीत नाही.”

हसणं विरलं. दाराशी मॅडमनी नजर खाली घातली. मुली एकमेकींकडे न बघता आपापल्या हातांकडे बघू लागल्या. धाकटीचे ओठ हलत होते, ती मनातल्या मनात काहीतरी आठवत होती. मग तिने मान वर केली.

“म्हणजे मीसुद्धा, ताई?”

“हो,” ताई म्हणाल्या, आणि खुर्ची ओढून तिच्याजवळ बसल्या.