वगातली गप्प म्हातारी

आमच्या वाडीत वग कुणी लिहीत नाही. शिमग्यात नमनाचा खेळ होतो. आधी गण, मग गवळण, शेवटी वग. वगाची गोष्ट मंडळाचा म्होरक्या गंगाराम देवळाच्या पायरीवर बसून सांगतो, आणि मग ज्याने त्याने आपापल्या तोंडाने बोलायचं. ज्याला बोलता येत नाही त्याने मृदंग वाजवावा. म्हणून माझी नात अक्षया जेव्हा म्हणाली, की बी.ए. झाल्यावर आणखी दोन वर्षं ती मुंबईला नाटक-सिनेमा-टीव्हीसाठी लिहायचं शिकणार, तेव्हा मी एवढंच विचारलं, "आणि ऐकायचं शिकवणारं कॉलेज कधी निघणार?"

ती गेली. तिच्या शेवटच्या परीक्षेला स्वतः लिहिलेलं नाटक लोकांसमोर करून दाखवायचं होतं, आणि ते लिहिलंय तसंच. शिकवणाऱ्या बाई समोर बसून कागदाशी ताडून बघणार. बाकीच्या पोरांनी मुंबईतले मित्र धरले. अक्षयाने आमचं नमन मंडळ धरलं.

"मधेच कुणी काही घुसवलं तर माझं वर्ष जाईल, आजी."

"मला काय सांगतेस? भागोजीला सांग."

भागोजी आमच्या चुलत घरातला. मंडळात म्हाताऱ्यांची कामं तोच करतो. लुगडं नेसला की तो माझ्यापेक्षा बरा दिसतो, असं त्याचं त्यालाच वाटतं. हातात कागद दिला तर म्हणाला, "पाठ करायचं? काकी, मी शाळा सोडली ती कशापायी?" पण पोरगी रोज त्याच्या खळ्यात जाऊन बसली. झालं पाठ.

गोष्ट काय ते मला तालमीत कळलं. एक म्हातारी असते. नातीला मुंबईला शिकायला जायचंय, तर म्हातारी तिची बॅग भाताच्या कणगीत लपवते. नात ती शोधून काढते, घेऊन समोर उभी राहते आणि विचारते, "आजी, जाऊ?" म्हातारी गप्प. नात निघून जाते. संपलं.

कणगी कुणाची ते सगळ्या वाडीला ठाऊक आहे. मी बॅग लपवली नव्हती, ठेवली होती. पावसात बॅगेला बुरशी येते, कणगीत कोरडं असतं. आणि गप्प? त्या दिवशी मी एसटीच्या थांब्यापर्यंत तिच्यामागून बोलत गेले होते. गाडी आली तरी बोलत होते. कंडक्टरने डोकं बाहेर काढून विचारलं, "आजी, तुम्ही पण येताय काय?" हे वगात कुठेच नाही.

"खोटं का लिहिलंस गो?" मी अक्षयाला विचारलं.

"तू बोलायला लागलीस की लोक हसतात, आजी. तिथे मला ते हसायला नकोत."

"आणि मी गप्प बसले तर विचारतील, म्हातारीला दवाखान्यात कधी नेताय?"

आमच्या वाडीची एक रीत आहे. ज्याचं सोंग काढलं तो समोर बसलेला असला, तर बसल्या जागेवरून उत्तर द्यायचा मान त्याचा. सोंग गप्प होतं, मृदंग थांबतो, उत्तर होतं, मग खेळ पुढे. उत्तर दिलं नाही तर सोंगात दाखवलं ते खरं धरतात. आमचा आनंदा रेड्याला भिऊन फणसावर चढला, असं सोंग एकदा निघालं होतं. त्याला उत्तर सुचलं नाही. त्याचे केस पांढरे झाले, पण अजून तो फणसावरचा आनंदा.

माझं उत्तर तालमीपासून तयार होतं. भाकऱ्या थापताना मी त्याला धार लावत होते.

नमन खरं तर रात्रीचं, पण बाईंच्या कॅमेऱ्याला उजेड लागतो म्हणून दुपार कलल्यावर सुरू केलं. देवाचा खेळ उन्हात आला म्हणून गंगाराम कुरकुरला. बाई जांभ्याच्या पायरीवर बसल्या, मांडीवर कागद. मी पुढच्या चटईवर. ती जागा माझीच.

वग लागला. भागोजी आला तो माझं लुगडं नेसून. माझ्याच सुनेने पेटीतून काढून दिलेलं. चाल माझी, कमरेवरचा हात माझा. लोक हसले. मी हसले नाही, काष्टा चुकला होता. शब्द मात्र कागदावरचेच. बाईंचं बोट ओळीवरून सरकत होतं. नातीचं काम संदेशकडे. तो मिरजोळ्याच्या एमआयडीसीत कामाला जातो, वगासाठी मिशी काढली होती. त्याने कणगीतून बॅग ओढून काढली, भागोजीसमोर उभा राहिला.

"आजी, जाऊ?"

भागोजी गप्प.

आणि सगळी वाडी माझ्याकडे वळली. आमच्याकडे सोंग गप्प होतं ते एकाच कारणासाठी. मृदंगावरचे हात उचलले गेले. शेजारच्या घरातल्या हौसाने मागून ढोसलं. "बोल गो सोनूबाय," हळूच म्हणाली, "तुझीच पाळी."

पडद्याच्या कडेला अक्षया उभी होती. तिला तेव्हा उमजलं. मुंबईला राहून पोरगी रीत विसरली होती, आणि माझ्या उत्तराची जागा तिने स्वतःच्या हाताने मोकळी ठेवली होती. पण हात जोडले नाहीत की नको म्हणून मान हलवली नाही. माझ्याच घरातली आहे. नुसती बघत राहिली.

उत्तर अगदी जिभेवर होतं. भागोजी पदराआडून माझ्याकडे बघत थांबला होता.

मी कमरेची चंची सोडली. पान काढलं, चुना लावला, कात टाकला, सुपारी ठेवली आणि तोंडात घातलं. तोंडात पान असताना मी बोलत नाही, हे वाडीला ठाऊक आहे.

भागोजीने हळूच तोंड फिरवलं. संदेशने बॅग उचलली आणि देवळाच्या आवारातून उन्हात चालत गेला, पार वळणाआड.

बाईंनी शेवटच्या ओळीपुढे बरोबरची खूण केली. "प्रेक्षकांसकट सगळे थांबले, अक्षया. हे कसं बसवलंस?"

अक्षया माझ्याकडे बघायला लागली. मी पिंक टाकायला उठले.

सकाळी भागोजी लुगडं परत द्यायला आला. "काकी, उत्तर राहिलं ना. आता वाडी म्हणणार, सोनूबाय गप्प बसली."

"म्हणू दे."

"आनंदाकाका जाम खूश. म्हणतो, फणसावर जोडीला कोणतरी आलं."

"त्याला म्हणावं, वरची फांदी माझी."

अक्षया जायला निघाली होती. बॅग उंबऱ्याशी. "आजी, काल काय बोलणार होतीस?"

"तुझा कागद संपला ना?"

"दुसरा आणते."

"आण. त्यातली म्हातारी एवढं बोलेल की ह्या मेल्याच्या बापजन्मात पाठ होणार नाही."

भागोजीने कानाला हात लावला. अक्षयाने बॅग उचलली.

"आजी, जाऊ?"

माझ्या तोंडात पान नव्हतं. थांब्यापर्यंत मी तिच्यामागून बोलत गेले.